स्पीकरवरचा दुपट्टा

आमच्या वर्ध्यात चांगला आवाज ऐकणं हा हिवाळी छंद आहे. होळी झाली की घरोघरी कूलर लागतात आणि त्या घरघरीपुढे जगातला कितीही भारी स्पीकर आणून ठेवा, त्याचं काही चालत नाही. मग पावसाळा येतो, तो पत्र्यावर वाजत राहतो. उरले दिवाळी ते होळीचे महिने. त्यातही शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि गाणारा माणूस अचानक झोपेत गातोय असं वाटतं. अशा मुलखात मी छत्तीस वर्षं अॅम्प्लिफायर आणि स्पीकरचे बॉक्स बनवले, आणि माझं घर त्यावर चाललं, हे आता मलाच खरं वाटत नाही.

दुकान बंद केलं त्याला हा तिसरा हिवाळा. मोबाइलनं धंदा खाल्ला असं लोक म्हणतात. मीही ‘हो ना, काय करता’ म्हणून मान डोलावतो. खरी गोष्ट वेगळी आहे. माझे कान गेले होते. ते गेल्याचं माझ्या गिऱ्हाइकांना माझ्याआधी कळलं होतं, आणि त्यातल्या एकानंही मला ते सांगितलं नाही. ते का सांगितलं नाही, हे कळायला मला फार उशीर लागला. आज तेवढंच लिहिणार आहे.

आधी धंद्याबद्दल थोडं. हाय-फाय म्हणजे मोठा आवाज, असं निम्म्या लोकांना वाटतं. दुकानात येऊन ‘भाऊ, भिंत हलली पाह्यजे’ म्हणणारे खूप भेटले. मी त्यांना म्हणायचो, भिंत हलवायची असेल तर गवंड्याकडे जा. हाय-फाय म्हणजे इमान. गाणाऱ्यानं जे गायलं, वाजवणाऱ्यानं जे वाजवलं, ते आपल्या पदरचं काही न घालता आणि वाटेत काही न सांडता कानापर्यंत पोचवायचं. बस. एवढंच काम, पण त्यात जन्म जातो.

बॉक्समध्ये साधारण दोन स्पीकर असतात. मोठा असतो तो खालचा, भरदार आवाज देतो: तबल्याचा बायाँ, पुरुषाचा गळा, ढोलकीचा घुमारा. त्याला वूफर म्हणतात. वर रुपयाएवढा लहान असतो तो बारीक, चमकदार आवाज देतो: टाळ, घुंगरू, बांगड्या, बोलण्यातले स आणि श. तो ट्विटर. या दोघांत कोणी किती बोलायचं हे ठरवणं म्हणजे कारागिरी. ट्विटर स्वभावानं आगाऊ असतो. त्याला आवरायला त्याच्या वाटेत एक रेझिस्टन्स लावतात, खडूच्या तुकड्याएवढी पांढरी चौकोनी वस्तू. रेझिस्टन्स जास्त ओहमचा लावला की ट्विटर दबतो, कमी लावला की चढतो.

आता तो किती ओहमचा लावायचा, हे पुस्तकात असतं. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं वर्ध्यातली घरं पाहिलेली नसतात. कोणाकडे शहाबादी फरशी, कोणाकडे शेणानं सारवलेली खोली, कोणाकडे भिंतीला टेकून कापसाच्या गाठोड्यांची रास. प्रत्येक खोलीत आवाज निराळा. म्हणून बॉक्स पोचवल्यावर मी स्वतः जायचो, गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या जागेवर बसायचो, पंखा बंद करायला लावायचो, बायकांना कुकर उतरवायला लावायचो आणि कानानं रेझिस्टन्स ठरवायचो. याला मी ‘कान लावणं’ म्हणायचो. ठरलेला आकडा आणि साल बॉक्सच्या आत पेन्सिलीनं लिहून ठेवायचो आणि दर हिवाळ्यात एकदा येऊन परत कान लावून द्यायचो. दुसरा कोणी मिस्त्री हे करत नव्हता. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

हे सगळं शौकाचं झालं. पोट भरायचं डीजेच्या कामावर. लग्नसराईत आणि गणपतीत गाड्यांवरचे अॅम्प्लिफायर जळायचे, ते दुरुस्त करून जागेवरच पूर्ण आवाजात तपासून द्यावे लागायचे. भोंग्यासमोर उभं राहून, कानात बोळा न घालता, कारण बोळा घातला तर फाटका आवाज कसा कळणार? वीस-बावीस वर्षं मी हे केलं. ज्या कानांच्या जोरावर मिरवायचो, तेच कान रोज भोंग्याला चारत होतो.

माझ्या गिऱ्हाइकांत सगळ्यात जिवाभावाचे म्हणजे मारोतराव. वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेच्या कडेला त्यांची भाजीची वाडी आहे. आजूबाजूला सगळे लेआउट पडलेत, पण यांचे मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी यांचे वाफे अजून हिरवे आहेत. पहाटे बाजारात माल टाकून आलेला हा माणूस जेवून दुपारी दोन खुर्च्या मांडायचा, एकीवर स्वतः बसायचा आणि ऐकायचा. दुसरं काही करता करता ऐकणं त्यांना मंजूर नव्हतं. त्यांचा जीव खंजिरीच्या भजनावर. आमच्या भागात ते गावोगाव चालतं. खंजिरी म्हणजे हातात मावेल एवढी कातडी डफली, तिच्या कडेला पितळी चकत्या. कातडं थाप देतं, चकत्या खळखळतात. एका जुन्या कॅसेटवर त्यांच्याच ओळखीच्या एका भजनी मंडळाचं भजन होतं, खंजिरीला टाळांची साथ, कोणीतरी चांगल्या माईकवर, अगदी मन लावून टिपलेलं. कान लावायला आम्ही कायम तीच कॅसेट लावायचो.

त्यांच्याकडे जायची मला ओढ असायची. आधी फोन करायचो. गेलो की मारोतराव उठून उभे राहायचे.

“या जी मिस्त्रीभाऊ. तुमी आले का आमच्या बॉक्साइले बी बरं वाटते.”

घरच्या बाई, सुमनवहिनी, चहा ठेवून पंखा बंद करायच्या. मग मी खुर्चीवर डोळे मिटून बसायचो, ते शेजारच्या खुर्चीवर. भजन संपलं की मी निकाल द्यायचो, “मारोतराव, वरचा आवाज जरासा मेलाय.” ते म्हणायचे, “तुमी म्हनता तं असन.” मी बॉक्स उघडून कमी ओहमचा रेझिस्टन्स लावायचो. निघताना पिशवीभर सांभार आणि भेदरं, म्हणजे टोमॅटो, हातात यायची.

वरचा आवाज ‘मरायला’ लागला त्याला बरीच वर्षं झाली होती. आधी त्यांच्याकडेच, मग सगळीकडेच. मी ठरवून टाकलं की ट्विटरचा माल हलका यायला लागला. नागपूरच्या ज्या दुकानदाराकडून मी माल आणायचो, त्याच्याशी भांडलो, डझनभर ट्विटर परत केले. तो बिचारा म्हणाला, “अंकल, माल वही है.” मी त्याला म्हटलं, “माल वही होगा, ईमान वही नहीं है.” आपल्याच वाक्यावर खूश होऊन एसटीत बसलो. आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

पुलगावला दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, वयानं माझ्याहून मोठे. त्यांच्याकडे कान लावायला गेलो तर अॅम्प्लिफायरची ट्रेबलची खुंटी, म्हणजे वरचा आवाज कमी-जास्त करायची, पार डावीकडे पिरगाळलेली.

“हे कोनं केलं?”

“मीच केलं जी,” ते चाचरत म्हणाले. “आवाज चांगलाच हाय. पन... थोडा टोचते.”

“टोचते म्हनजे? काका, ही खुंटी मधात ठेवाची असते. तुमाले सवय नाई चांगल्या आवाजाची.”

ज्या माणसानं उभा जन्म बारूद सांभाळला, त्याला मी असं बोललो. त्यांनी मला जागा करून दिली. मी खुंटी मध्ये आणली आणि आत एक ओहम अजून कमी करून ठेवला. धंद्यात माणूस चुकतो, पण अशी चूक फक्त ज्याच्या शब्दाला मान आहे तोच करू शकतो. साध्या मिस्त्रीला त्यांनी तिथंच सुनावलं असतं.

आणि मग तो दिवस. पिपरी मेघेत एका शाळेचा अॅम्प्लिफायर बघायला गेलो होतो. काम लवकर आटोपलं म्हणून फोन न करताच मारोतरावांकडे वळलो. ते बाजारातून आले नव्हते. दार उघडं, आत कॅसेट चालू, आणि सुमनवहिनी खाली बसून मेथी निवडत होत्या. दोन्ही बॉक्सवर मारोतरावांचे खांद्यावर टाकायचे दोन दुपट्टे. चौपदरी घडी करून, बरोबर ट्विटरच्या तोंडावर, कपड्याच्या चिमट्यांनी लावलेले.

मला वाटलं, धुळीसाठी असेल. तसं मी विचारलं.

“नाई जी,” वहिनी हातातली जुडी न सोडता म्हणाल्या. “टोचते ना थे. भल्ला टोचते. तुमी येनार असले का काढून ठेवतो आमी.”

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पदर तोंडाशी गेला.

“कवापासून?” मी विचारलं.

“झाले सात-आठ वर्स. तुमी मनात नका आनू जी. घरच्यायनं सांगून ठेवलं होतं, मिस्त्रीभाऊले बोलाचं नाई म्हनून.”

मी खुर्चीत बसलो. त्यांना म्हटलं, दुपट्टे काढा. त्यांनी काढले. भजन चालू होतं. म्हटलं, आता टाका. त्यांनी टाकले. परत काढा. परत टाका. मला दोन्ही वेळा अगदी एकच आवाज येत होता. कापडाच्या चार पदरांचा फरक त्या बाईला मेथी निवडता निवडता कळत होता, आणि मला डोळे मिटून, श्वास रोखून कळत नव्हता. खंजिरीचं नुसतं कातडं ऐकू येत होतं. चकत्या कुठं होत्या?

“चकत्या वाजून राह्यल्या का आता?” मी विचारलं.

“वाजून राह्यल्या ना जी,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मला बघवेना.

पेचकसानं मी बॉक्सची मागची फळी उघडली. आत माझ्याच अक्षरात पेन्सिलीचे आकडे, एकाखाली एक. सहा पॉइंट आठ. चार पॉइंट सात. तीन पॉइंट तीन. दोन पॉइंट दोन. एक. आणि शेवटी आकडा नाही, नुसतं ‘डायरेक्ट’ लिहिलेलं, म्हणजे रेझिस्टन्स काढून ट्विटर मोकळा सोडलेला. दर एक-दोन वर्षांनी मी ट्विटर चढवत गेलो होतो, कारण दरवर्षी माझा कान उतरत गेला होता. दवाखान्यात जायच्या आधीच मी माझा रिपोर्ट वाचला.

तरी दवाखान्यात गेलोच. तपासणाऱ्या बाईंनी बंद खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवल्या आणि ऐकू आली की बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ मला काही ऐकू आलं नाही, मला वाटलं मशीन बिघडलं. तसं म्हणालोही. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आलेख दाखवला. खालच्या सुरांत रेघ सरळ, वर गेली की टेकडीवरून घसरल्यासारखी खाली. असे आलेख मी आयुष्यभर स्पीकरचे पाहिलेत. या नमुन्याचा स्पीकर मी कधी गिऱ्हाइकाला दिला नसता. यंत्र लावून बोलणं समजेल, म्हणाल्या. टाळाचा आवाज पूर्वीसारखा येईल का, विचारलं. म्हणाल्या, तसा नाही येणार.

दुकान त्याच महिन्यात बंद केलं. रडलो, बायकोसमोर रडलो. आणि पुलगावला गेलो. त्या काकांची खुंटी परत डावीकडेच होती. मी हात जोडले आणि म्हटलं, “काका, खुंटी तुमची बरोबर होती. माहा कान चुकला.” त्यांनी माझा हात धरून आत नेलं, जेवल्याशिवाय जाऊ देईनात.

मारोतरावांकडे जायला मात्र दीड महिना लावला. शेवटी त्यांचाच फोन आला. “येजा जी. बॉक्स तसेच उघडे पडले हायेत.” रविवारी दुपारी गेलो. पिशवीत सगळ्या आकड्यांचे रेझिस्टन्स आणि तारेला लावायच्या क्लिपा घेतल्या होत्या. मारोतराव दारात उभे होते. त्यांच्याकडे पाहायची लाज वाटत होती, म्हणून सरळ कामाला लागलो.

“आज कान मी लावनार नाई,” मी म्हटलं. “वयनी, तुमी बसा खुर्चीवर.”

“मी? बाप्पा! मले काय समजते त्याच्यातलं?”

“टोचते का नाई, एवढंच सांगा.”

वहिनींनी हात पुसले आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या. त्या घरात इतकी वर्षं वाजत होतं आणि ऐकायच्या खुर्चीवर त्या पहिल्यांदा बसत होत्या, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी दोन पॉइंट दोनचा लावला. “टोचते.” तीन पॉइंट तीन. “टोचते.” चार पॉइंट सात. “जरा कमी टोचते.” सहा पॉइंट आठ लावला आणि मी निर्धास्त पेचकस खाली ठेवला. हा माझ्या चांगल्या दिवसांतला आकडा, शाबूत कानांनी ठरवलेला.

“अजून थोडं टोचते,” वहिनी म्हणाल्या.

माझ्यातला मिस्त्री उसळला. “कसं टोचन वयनी? इथं तं माहा चांगला कान थांबला होता!”

“तवाबी टोचतच होतं जी.”

“मंग तवा सांगतलं काऊन नाई?”

“तवा मले कोनी इचारलं होतं?”

मारोतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मलाही हसू आलं, कित्येक दिवसांनी. आठ पॉइंट दोनचा लावला. वहिनी खुर्चीच्या कडेवरून मागे सरकल्या, पाठ टेकली, आणि मांडीवरचे हात सैल सोडले. आता विचारायची गरज नव्हती. मी डाग देऊन रेझिस्टन्स पक्का केला.

मग मारोतरावांना विचारलंच. मनात सलत होतं ते. “एवढे वर्स दुपट्टा टाकून ऐकलं तुमी. एकदा बोलाचं होतं ना. मी का परका होतो?”

कॅसेट पहिल्यापासून लावायला ते वाकले होते, तसेच पाठमोरे बोलले.

“सांगतलं असतं तं तुमाले कळलं असतं का कान गेला. मंग तुमी आले नसते जी. आवाजाचं काय, दुपट्टा टाकला का भागते. पन इथं येऊन, डोये मिटून, माह्या बाजूले बसून आयकनारं या गावात दुसरं हाय कोन? घरी पोरं म्हनतात, बाबा, हे काय जुनं लावून बसले. मी तुमची वाट पाहो हिवाळाभर.”

मला वाटायचं, ते माझ्या कानाची वाट पाहतात.

वहिनी उठायला लागल्या, त्यांना मी बसवलं. स्वयंपाकघरातून तिसरी खुर्ची आणली आणि आम्ही तिघं ओळीनं बसलो. भजन सुरू झालं. मला गळा ऐकू येत होता, कातडं ऐकू येत होतं. वरचं सगळं रिकामं. पण या वेळी मी डोळे मिटले नाहीत. वहिनींच्या भुवया कुठं वर जातात, मारोतरावांचं बोट मांडीवर कुठं थांबतं, ते बघत होतो. पूर्वी हे सगळं माझं होतं. कोणालाही न विचारता माझं होतं, आणि मी ते लग्नाच्या वरातींमागे उधळून टाकलं. एकदा, फक्त एकदा त्या चकत्या कानात खळखळाव्यात म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं.

गळा थांबला. खंजिरी थांबली. खोलीत शांतता झाली. मी खुर्चीचे हात धरून उठायला लागलो आणि म्हणालो, “छान झालं. चाला, चहा...”

मारोतरावांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डोळे मिटलेलेच होते.

“थांबा जी,” ते हळूच म्हणाले. “टाळ चालूच हाय अजून.”

मी परत बसलो. ते दोघं ऐकत होते, आणि मी त्यांच्यासोबत, त्यांचं ऐकून होईपर्यंत थांबलो.